सात किलो हवा

आमचं गॅरेज खोपोलीत, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून आहे. आमचं म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं आणि त्याच्या मुलाचं. घरातला मी एकटा बी.ए. त्यामुळे माझ्या वाट्याला दोन कामं आली, हिशेबाची वही आणि कविता. दोन्हींत आजवर कधी शिल्लक उरली नाही.

एका जुलैमध्ये या गॅरेजात एक गाडी रंगायला आली. घरात लग्न होतं आणि गाडी चार दिवसांत हवी होती. पुतण्याने रात्री जागून रंग मारला. सकाळी बघतो तर निळ्या बॉनेटवर देवीचे वण उठावेत तसे बारीक खड्डे. रंग चांगल्या कंपनीचा होता आणि हात तर पुतण्याचा, म्हणजे गावात नावाजलेला. गाडीवाले भले गृहस्थ, ओरडले नाहीत. नुसतं बॉनेटवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘हे असंच राहणार का?’ ते सगळं घासून पुन्हा रंगवलं. मजुरी गेली, रंगाचे पैसे गेले. वहीत ती रक्कम मी ‘पाऊस’ या खात्यावर टाकली, कारण दोष पावसाचाच होता. पावसाचं पाणी छतातून गळलं नव्हतं. ते हवेच्या नळीतून आलं होतं.

त्या आधी दोनच महिने पुतण्याने कॉम्प्रेसर आणला होता. पूर्वी आमच्याकडे एक लहानसा होता, फक्त टायरमध्ये हवा भरण्यापुरता. आता त्याला हवेवर चालणारी हत्यारं घ्यायची होती. चाकाचे नट सोडवणारी इम्पॅक्ट गन, लांबी घासायचा सँडर, रंगाची स्प्रे गन. त्याने एक जुना कॉम्प्रेसर पाहिला, निम्म्या किमतीत. मला दाखवायला घेऊन गेला आणि म्हणाला, ‘बडे अब्बा, टाकी बघा की केवढी आहे!’ टाकी खरंच मोठी होती, एखादा माणूस आत झोपेल एवढी. मोटर मात्र दोन हॉर्सपॉवरची. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी सही केली.

सही करून झाल्यावर मी वाचायला लागलो. माणसाने हे उलट क्रमाने करू नये. पण हवेचा इतिहास माझ्या हाती लागला तो या उलट क्रमामुळेच.

पहिली गोष्ट कळली ती टाकीबद्दल. टाकी हवा तयार करत नाही, नुसती साठवते. घरात चार हंडे जास्त असले म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही, तसंच हे. हत्याराला लागते ती मिनिटाला अमुक इतके घनफूट हवा. मिस्त्री लोक त्याला सीएफएम म्हणतात. इम्पॅक्ट गन दोन-चार सेकंद चालते, नट सुटतो आणि ती थांबते. तिला थोडक्यात भागतं. सँडर मात्र चालू राहतो आणि मिनिटाला दहा-बारा घनफूट सहज खातो. एका हॉर्सपॉवरला ढोबळमानाने चार घनफूट धरा, आणि कागदावरचा आकडा अनेकदा पिस्टनच्या फेऱ्यांवरून काढलेला असतो, प्रत्यक्ष नळीतून त्याहून कमीच येतं. म्हणजे आमची दोन हॉर्सपॉवरची मोटर आठदेखील धड देत नव्हती. सँडर दोन मिनिटं गुरगुरायचा, मग दमलेल्या बैलासारखा उभा राहायचा. मोटर मात्र थांबायचं नाव घेत नसे. ती सतत चालायची, तापायची, आणि तापलेली हवा तशीच पुढे ढकलायची.

त्या तापलेल्या हवेतच पाणी होतं. सायकलला पंप मारताना त्याचा तळ गरम होतो हे तुम्ही हाताने पाहिलेलं असेल. हवा दाबली की तापते. गावात आम्ही ज्याला ‘सात किलो प्रेशर’ म्हणतो, त्या दाबाला आठ घागरी हवा एका घागरीत कोंबलेली असते. पावसाळ्यात आमच्याकडच्या एका घनमीटर हवेत चोवीस-पंचवीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ती हवा आठव्या हिश्शाच्या जागेत कोंबली आणि पुन्हा थंड झाली, की त्यातलं फार तर चार ग्रॅम पाणी वाफ म्हणून राहू शकतं. उरलेलं वीसेक ग्रॅम खाली बसतं. मिनिटाला दहा घनफूट हवा ओढणारं यंत्र दिवसाचे आठ तास चाललं, तर हे पाणी अडीच लिटरच्या वर जातं. दोन महिन्यांत आम्ही टाकीखालचा ड्रेन कॉक एकदाही उघडला नव्हता. कुणी सांगितलंच नव्हतं. उघडला तेव्हा चहाच्या रंगाचं, तेलकट, गंजाचं पाणी बादलीभर निघालं. मोठी टाकी म्हणून आम्ही जी आणली होती, तिच्या पोटात आम्ही दोन महिने विहीर भरत होतो.

आमचे आजोबा शिकलगार होते, सातारकडचे. चाकू, कात्र्या, विळे यांना धार लावायची आणि जोडीला थोडं लोहारकाम. त्यांचा कातड्याचा भाता मी लहानपणी पाहिलेला आहे. तो ओढायचं काम घरातल्या बायकामुलांकडे असायचं. माणसाने हवा दाबून कामाला लावली त्याची सुरुवात या भात्यापासूनच. फरक एवढाच की भाता हवा देतो ती विस्तवाला. फुंकर जोराची झाली, भट्टी मोठी झाली, तरी ती फुंकरच राहिली. 1776 साली इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्सन याने वाफेच्या इंजिनाने भट्टीला हवा द्यायला सुरुवात केली, तेव्हासुद्धा हवेचं काम निखारा फुलवायचंच होतं. हवेचा आणि दाबाचा हिशेब रॉबर्ट बॉइल याने 1662 मध्येच मांडून ठेवला होता, की जागा निम्मी केली तर दाब दुप्पट होतो. आपण सगळे तो शाळेत शिकलो आणि परीक्षा संपल्यावर विसरलो. पण दाबलेली हवा नळीतून दूर न्यायची आणि तिथे तिच्याकडून हातोडा मारून घ्यायचा, ही गोष्ट घडायला त्यानंतर दोनशे वर्षं जावी लागली. ती घडली एका डोंगराच्या पोटात. आणि नेमक्या त्याच वर्षांत आमच्या डोंगरात काय चाललं होतं, हे वाचताना मी पुन्हा पुन्हा थांबलो.

आधी आमच्या डोंगराचं सांगतो. 1856 साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली. पुढे बोरघाट. उतारू इथे उतरत, पालखीने नाहीतर तट्टावरून घाट चढत, आणि 1858 नंतर खंडाळ्याहून पुण्याची गाडी धरत. घाटातून रूळ न्यायचं काम 1856 च्या जानेवारीत सुरू झालं. मार्ग पळसदरीहून वेगळ्या सोंडेने वर जाणारा. सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीत साडेपाचशे मीटरवर चढायचं आणि वाटेत पंचवीस बोगदे. दगड काळा कातळ. आमच्याकडे पाया खोदायला घेतला की कुदळीच्या ठिणग्या उडतात, तोच. त्यात भोक पाडायचं ते पहारीने आणि घणाने. एकजण पहार धरणार, दुसरा घण घालणार. प्रत्येक घावाला पहार थोडी फिरवायची. भोक पुरेसं खोल झालं की त्यात बंदुकीची दारू ठासायची आणि पळायचं. कड्यावर उभं राहायला जागा नसे तिथे माणसं दोरांना लोंबकळत ही भोकं पाडत. 1861 च्या जानेवारीत या घाटात 42,000 माणसं कामावर होती.

त्याआधी, 1859 साली, मजुरी थकली म्हणून इथे दंगा झाला आणि पहिल्या ठेकेदाराने काम सोडलं. दुसरा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका हातात ठेवून काम तडीला नेलं. तिचं नाव पुस्तकांत राहिलं आणि ते राहायलाच हवं. ज्यांची मजुरी थकली होती त्यांची नावं मात्र कुठे नाहीत. पटकीने आणि तापाने त्यांतली हजारो माणसं मेली. 1863 च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटाचं उद्घाटन झालं.

आता दुसरा डोंगर. फ्रान्स आणि इटलीच्या मध्ये आल्प्स. मों सनीचा बोगदा म्हणून तो ओळखला जातो. लांबी सुमारे तेरा किलोमीटर. आमच्या घाटातला त्या वेळचा सर्वांत लांब बोगदाही अर्धा किलोमीटर भरत नव्हता, एवढ्यावरून अंदाज यावा. 1857 च्या ऑगस्टमध्ये काम सुरू झालं, तेही पहारीने आणि घणाने, आमच्यासारखंच. दिवसाला मीटरभरही पुढे सरकेनात. या हिशेबाने बोगदा संपायला पंचवीस-तीस नाही तर चाळीस वर्षं लागतील असं लोक बोलू लागले. त्यात डोंगर इतका उंच की मधेच वरून विहिरी पाडून जास्त तोंडं उघडायची सोय नाही. म्हणजे आत हवा जायची तीही दोनच टोकांकडून. दारू उडवल्यावरचा धूर आत कोंडून राहायचा.

वाफेचं यंत्र आत न्यावं, तर बॉयलरला आग लागते, आग माणसांच्या वाटची हवा खाते आणि वर धूर सोडते. बॉयलर बाहेर ठेवून वाफ नळीने आत न्यावी, तर वाटेत तिचं पाणी होतं. जर्मेन सोमेलिए या इंजिनिअरने आणि त्याच्या दोन सोबत्यांनी तोड काढली ती अशी. डोंगराच्या बाहेर ओढ्याच्या पाण्याच्या जोरावर हवा दाबायची, ती लोखंडी नळातून आत न्यायची आणि तिच्यावर कातळ फोडणारी ड्रिलं चालवायची. दाबलेली हवा कितीही लांब नेली तरी थंड होऊन नाहीशी होत नाही. शिवाय काम करून ड्रिलमधून जी हवा बाहेर पडते ती मजुराला श्वास घ्यायला उपयोगी पडते. मला यातली ही गोष्ट सर्वांत आवडली. एरवी यंत्र काम करतं आणि घाण मागे ठेवतं. हे यंत्र काम करून हवा मागे ठेवत होतं.

इटलीच्या बाजूला ही ड्रिलं सुरू झाली ती 1861 च्या जानेवारीत. हा महिना वाचला आणि मी पुस्तक मिटलं. त्याच महिन्यात, बेचाळीस हजार माणसं आमच्या घाटात पहारी फिरवत होती.

मों सनीच्या दोन्ही बाजू 1870 च्या नाताळात आतून एकमेकींना भेटल्या. 1871 च्या सप्टेंबरमध्ये गाडी सुरू झाली. लोक ज्या कामाला तीस-चाळीस वर्षं म्हणत होते ते चौदा वर्षांत झालं. सोमेलिए त्या उद्घाटनाला नव्हता, दोन महिने आधी जुलैत वारला होता.

या बोगद्याची हकिकत अमेरिकेत एका मासिकात छापून आली आणि ती एका विशी ओलांडलेल्या मुलाने वाचली. त्याचं नाव जॉर्ज वेस्टिंगहाउस. तो आगगाडीच्या ब्रेकच्या विचारात होता. त्या काळी प्रत्येक डब्यावर माणूस बसून हाताने ब्रेक फिरवायचा. हवा जर डोंगरात इतक्या लांब जाऊन कातळ फोडते, तर गाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत जाऊन चाक का धरणार नाही? 1869 च्या एप्रिलमध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी जानेवारीत आमच्या बोरघाटात उताराला लागलेली मेल आवरली नाही आणि रिव्हर्सिंग स्टेशनच्या टोकाला जाऊन कोसळली. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण घाटाखाली राहणाऱ्याला तो जोडावासा वाटतो. आज माझ्या दारावरून घाट उतरून जो ट्रक येतो, त्याचे ब्रेक हवेवरच चालतात, आणि उतारावर ‘एअर उतरली’ की ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळतं.

पॅरिसने तर कमाल केली. व्हिक्टर पॉप नावाच्या गृहस्थाने 1880 च्या सुमाराला तिथे हवेवर चालणारी घड्याळं सुरू केली. एका जागेवरून दर मिनिटाला नळातून हवेचा एक ठोका सोडायचा आणि शहरभरच्या घड्याळांचे काटे एकदम एक घर पुढे सरकायचे. मग त्याच नळातून जास्त दाबाची हवा लहान लहान कारखान्यांना मिळू लागली. पाण्याचा नळ घ्यावा तसा हवेचा नळ घ्यायचा, मीटरप्रमाणे पैसे भरायचे. ज्याच्याकडे स्वतःचं इंजिन घ्यायची ऐपत नाही असा कारागीर त्यावर आपलं यंत्र चालवायचा. ही सोय 1994 पर्यंत चालू होती. हे वाचून मी भावाला म्हटलं, आपल्या एमआयडीसीत असं का नसावं? तो म्हणाला, ‘भाईजान, आधी पाण्याच्या नळाला पाणी येऊ द्या.’

इथपर्यंत वाचून मी खुशीत होतो. अम्मीला ही सगळी कथा सांगायला बसलो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तुझ्या मामूच्या हातात होतं ते हेच ना?’

मामू, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, दगडाच्या खाणीवर होता. जॅकहॅमर चालवायचा. लांब रबरी नळी, तिच्या एका टोकाला डिझेलचा कॉम्प्रेसर धडधडतोय आणि दुसऱ्या टोकाला मामू. सोमेलिएचंच ड्रिल, फक्त गाड्यावरून उतरून माणसाच्या हातात आलेलं. तो घरी यायचा तेव्हा भुवया, पापण्या, कानातले केस सगळं पांढरं असायचं. आम्ही मुलं हसायचो, मामू म्हातारा झाला म्हणून. म्हातारा तो झालाच नाही. चाळिशीच्या आसपास दम लागायला लागला. डॉक्टरांनी क्षय म्हटलं, गोळ्या चालू केल्या. गोळ्या संपल्या, दम संपला नाही. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा तो गेला. खाणवाल्याने कफनाचे पैसे पाठवले आणि उचल घेतली होती तीही माफ केली, म्हणून लोकांनी त्याला चांगला माणूस म्हटलं. कारखान्यांच्या 1948 च्या कायद्यातच धुळीच्या या रोगाची, सिलिकोसिसची, नोंद सक्तीची झाली होती. पण नोंद व्हायला आधी माणसाचं नाव कुठल्यातरी हजेरीपटावर असावं लागतं.

त्यानंतर मी वाचलेल्याच गोष्टी दुसऱ्या बाजूने पुन्हा वाचल्या. पहारीने भोक पाडताना धूळ उडते, पण माणूस दमतो आणि थांबतो. हवेचं ड्रिल थांबत नाही. ते मिनिटाला शेकडो घाव घालतं आणि कातळाचं पीठ करतं, इतकं बारीक की नाकातल्या केसांना ते अडत नाही आणि खोकून बाहेर पडत नाही. ते छातीत खोल जाऊन बसतं. अमेरिकेतल्या खाणकामगारांनी या ड्रिलला ‘बायकांना विधवा करणारं यंत्र’ असं नाव ठेवलं. 1890 नंतरच्या दशकात कोलोराडोच्या जॉन लेनर याने पोकळ पहारीतून पाणी सोडणारं ड्रिल काढलं. धूळ जिथे तयार होते तिथेच ओली करायची, एवढीच युक्ती. म्हणजे उपाय मामूच्या जन्माआधी कितीतरी वर्षं माहीत होता. पण पाणी म्हटलं की टाकी आली, नळी आली, आणि काम थोडं सावकाश झालं. 1930-31 मध्ये अमेरिकेतच, वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्टच्या बोगद्यात कोरडी ड्रिलं चालवली. दगड जवळजवळ निव्वळ गारेचा होता. मजूर बहुतेक काळे, कामासाठी लांबून आलेले. त्यांतले शेकडो काही महिन्यांत, वर्षा-दोन वर्षांत मेले. काहींच्या रोगाला तिथेही आधी न्यूमोनिया आणि क्षय म्हटलं गेलं.

मग मी स्वतःला विचारलं की ते ड्रिल दोन वर्षं आधी बोरघाटात आलं असतं तर? बेचाळीस हजार माणसं लागली नसती हे नक्की. पटकीने मेली ती काही वाचली असती. आणि जी उरली असती त्यांच्या नळीच्या टोकाला कोण असतं ते मला मामूमुळे माहीत आहे.

गॅरेजकडे परत येतो. बॉनेटच्या नुकसानीनंतर आम्ही सगळं नव्याने मांडलं. एका जुन्या मिस्त्रीला बोलावलं, ज्याने आयुष्यभर एमआयडीसीत हेच केलेलं. तो आधी खूप वेळ काही बोलला नाही, नळीला हात लावत फिरला. कॉम्प्रेसर आम्ही रंगाच्या खोलीत, कोपऱ्यात ठेवला होता. त्याने तो बाहेर काढायला लावला. रंगाची आणि लांबीची धूळ तोच ओढतोय आणि तुम्हालाच परत देतोय, म्हणाला. मोटर पाच हॉर्सपॉवरची घेतली. त्यासाठी थ्री फेजचं कनेक्शन घ्यावं लागलं आणि वहीत पुन्हा कर्जाचं पान उघडलं. त्याने भिंतीवरून लोखंडी नळ फिरवला, शंभर फुटांना एक फूट असा उतार देऊन, आणि उताराच्या शेवटाला पाणी काढायला कॉक. हत्यारांकडे जाणारे फाटे त्याने नळाच्या पाठीवरून काढले, पोटाखालून नाही. कारण पाणी पोटाशी वाहतं. पुतण्याला प्लॅस्टिकचा पाइप टाकून पैसे वाचवायचे होते. मिस्त्री म्हणाला, तो पाण्याला ठीक. हवेने फुटला तर तुकडे सुरीसारखे येतील. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून तो फुसकारतो का ते पाहिलं आणि जुनी टाकी पाण्याचा दाब देऊन तपासून आणायला लावली. त्यात ती नापास झाली, आतून गंजली होती. इम्पॅक्ट गनच्या वाटेवर तेलाचे थेंब सोडणारी बाटली बसवली. स्प्रे गनच्या वाटेवर मात्र तेलाचा थेंबही नको, तिथे पाणी धरणारा फिल्टर.

ही स्प्रे गन मुळात घशात औषध फवारायच्या पिचकारीतून जन्मली. अमेरिकेत टोलेडो गावी ॲलन डेव्हिलबिस नावाच्या डॉक्टरांनी तशी पिचकारी काढली होती, त्यांच्या मुलाने 1907 मध्ये त्याच कल्पनेवर रंगाची गन बनवली. 1920 नंतर लवकर वाळणारे रंग आले आणि मोटारी आठवड्यांऐवजी दिवसांत रंगू लागल्या. घशाच्या औषधासाठी जन्मलेली वस्तू हातात घेणाऱ्याने आता घसा जपायचा, असं मी पुतण्याला म्हटलं. तो हसला. काडतुसांचा मास्क मात्र त्याने रंगाच्या कामाला आणला आणि वापरतो.

भांडण झालं ते पुढे. आता हवा मुबलक होती. पुतण्याला चाकांच्या गंजलेल्या डिस्क साफ करायचं काम मिळत होतं, रोजची दहा-पंधरा. त्यासाठी त्याला सँड ब्लास्टिंगचा डबा आणायचा होता. नदीची वाळू भरायची आणि हवेच्या झोतात सोडायची. गंज पाच मिनिटांत पांढरा होतो. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन याने 1870 मध्ये ही रीत शोधली, आणि रीत उत्तमच आहे. पण वाळू म्हणजे गार, आणि डिस्कवर आपटून तिचं जे पीठ होतं ते मामूच्या खाणीतल्या पिठाचं सख्खं भावंड. इंग्लंडने 1949 च्या नियमांनी या कामाला वाळू वापरायला बंदी केली. पोलादाचे कण वापरता येतात, तेही बंद पेटीत, बाहेरून हातमोजे घालून. त्या पेटीची किंमत ऐकून भाऊ गप्प बसला. पुतण्या म्हणाला, ‘रुमाल बांधीन की.’ मामूही रुमालच बांधायचा.

अम्मी आता फारशी उठत नाही. तिने त्याला जवळ बोलावलं आणि एवढंच म्हणाली की वाळू या घराच्या आवारात येणार नाही. त्याने ऐकलं. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, कारण हे सगळं मी वाचून उकरून काढलं असं त्याचं म्हणणं, आणि ते खरं आहे. वहीत महिन्याला किती रुपयांचा फरक पडला तो मीच लिहितो.

आता पावसाळ्यात रोज संध्याकाळी पुतण्या कॉक उघडतो. आधी फुस्स असा आवाज येतो, मग बाटलीभर पाणी पडतं, मग कोरडी हवा. चाकांच्या डिस्क रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये जातात. तिथे वाळूचा ढीग आहे आणि एक पोरगा आहे, सतरा-अठराचा असेल. दुपारी तो आमच्या नळावर पाणी प्यायला येतो तेव्हा त्याच्या पापण्या पांढऱ्या असतात. परवा मी त्याला विचारलं की मालकाने मास्क दिलाय का. त्याने खिशातून रुमाल काढून दाखवला. पुतण्या आत डिस्क मोजत होता, त्याने मान वर केली नाही.